उच्च-रोध न्यूट्रल अर्थिंग

औद्योगिक वीजप्रणालीत ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल (तिन्ही फेजचा सामाईक बिंदू) थेट जमिनीला न जोडता रोधकामार्फत जोडण्याची पद्धत. पहिल्या अर्थ फॉल्टचा (फेजचा जमिनीशी संपर्क होण्याचा) प्रवाह सहसा १० अँपिअरच्या आत राहतो. त्यामुळे ब्रेकर (पुरवठा तोडणारा स्विच) न पाडता उत्पादन चालू ठेवता येते. ४१५ व्होल्ट प्रणालीत ५ अँपिअरची मर्यादा हवी असेल तर सुमारे ४८ ओहमचा, १.२ किलोवॅट उष्णता सतत सोसणारा रोधक लागतो. डेल्टा जोडणीत न्यूट्रल नसतो, म्हणून झिगझॅग ट्रान्सफॉर्मरने कृत्रिम न्यूट्रल तयार करतात.

रोधक निवडताना केबल, मोटारी व सर्ज कपॅसिटर (व्होल्टेजचे झटके सौम्य करणारे) यांच्या धारितेमुळे जमिनीकडे वाहणारा एकूण चार्जिंग प्रवाह आधी मोजतात. रोधकाचा प्रवाह त्याहून कमी ठेवल्यास फॉल्टच्या जागी पुनःपुन्हा विझून पेटणाऱ्या आर्कमुळे (ठिणगीमुळे) व्होल्टेज चढत जाते. ते किती चढते, याविषयी मतभेद आहेत. वाल्डेमार पेटरसन (सुमारे १९१७) यांच्या मते आर्क उच्च वारंवारतेच्या प्रवाहाच्या शून्याला विझतो आणि व्होल्टेज नेहमीच्या फेज-व्होल्टेजच्या ७.५ पटींपर्यंत जाऊ शकते. पीटर्स व स्लेपियन (१९२३) आर्क मूळ वारंवारतेच्या शून्याला विझतो असे धरून सुमारे ३.५ पट मर्यादा सांगतात. हा दुसरा अंदाज अधिक संयत वाटतो; मोठे आकडे सर्वांत प्रतिकूल क्षण एकामागून एक जुळून आले तरच निघतात. योग्य रोधक असल्यास वाढ साधारण २.५ पटींत आवरते.

फॉल्ट टिकून असेपर्यंत निरोगी फेजवर जमिनीच्या संदर्भात पूर्ण ४१५ व्होल्ट येतात. केबल, सर्ज अरेस्टर (जादा व्होल्टेज जमिनीकडे वळवणारे) व व्हीएफडीमधील (मोटारीचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हमधील) फिल्टर तेवढ्या व्होल्टेजचे नसतील तर तेच आधी जळतात. दुसऱ्या फेजवर दुसरा फॉल्ट झाला की रोधक निरुपयोगी ठरतो व शॉर्टसर्किटचा प्रवाह वाहतो. म्हणून पहिला फॉल्ट लवकर हुडकावा लागतो.

न्यूट्रलवरील व्होल्टेज रिले फक्त फॉल्ट असल्याचे सांगतो. फीडर (पुरवठ्याची शाखा) कोणता, हे कोअर बॅलन्स सीटीवरून (तिन्ही फेजभोवती बसवलेल्या, प्रवाहांची बेरीज मोजणाऱ्या करंट ट्रान्सफॉर्मरवरून) कळते. नेमकी जागा शोधण्यासाठी काँटॅक्टरने रोधकाचा काही भाग ठरावीक वेळाने शॉर्ट करून प्रवाह ५ व १० अँपिअरमध्ये हलता ठेवतात आणि क्लॅम्पमीटर तिन्ही फेजभोवती धरून केबलवरून पुढे सरकतात. काटा हलायचा थांबला की फॉल्ट मागे राहिला. क्लॅम्पमध्ये केबलचे आर्मर (धातूचे कवच) वा अर्थ वायर आल्यास परतीचा प्रवाह वजा होऊन वाचन फसते.

रोधक तुटून उघडा पडला तर प्रणाली नकळत अनर्थ्ड (जमिनीशी न जोडलेली) होते. निव्वळ न्यूट्रल सीटीवर बसवलेला रिले अशा वेळी गप्प राहतो. त्यासाठी रोधकाच्या सलगतेवर स्वतंत्र देखरेख ठेवतात.