समुद्र म्हणजे फुकटचा रस्ता?

"मुंबईला समुद्राचा आयता रस्ता आहे, नुसत्या बोटी आणा की झाली जलवाहतूक!" हा संदेश वर्षानुवर्षं फिरतोय. त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. सावकाश जाणाऱ्या मालाला पाणी खरंच स्वस्त पडतं. पण नोकरदारांना वेळेत पोचायचं असतं. बोटीचा वेग दुप्पट करायचा तर ढोबळमानाने इंजिनाची ताकद आठपट लागते, आणि तेवढ्याच अंतराला डिझेल चौपट.

खरा खर्च मात्र गाळाचा. उधाणाच्या दिवसांत मुंबईत भरती-ओहोटीतला फरक ४ मीटरच्या वर जातो. उरणच्या मोरा बंदरात मोठ्या ओहोटीला चिखल उघडा पडतो, बोट जेटीला लागत नाही आणि मुंबईच्या भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या-येणाऱ्या फेऱ्या रखडतात. गाळ उपसला तरी तो पुन्हा साचतोच. शिवाय पाण्याबरोबर वरखाली होणारा तरंगता धक्का हवा. पावसाळ्यात गेटवे ते अलिबागजवळचं मांडवा या बोटी बंद. कर्जाचे हप्ते आणि पगार चालू.

पडताळायचं असेल तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून अमावास्येच्या आसपास ओहोटीला मोऱ्याला चक्कर मारा. तेवढा वेळ नसेल तर एखाद्या प्रवासी जेटीच्या प्रकल्पाचं अंदाजपत्रक उघडा आणि बोटींआधी कशाकशाला पैसे लागतात ते वाचा.