श्रावणातला तिसरा दिवस

दिव्याच्या अवसेची ‘गटारी’ आटोपली की कोकण किनाऱ्यावरच्या अनेक घरांत महिनाभर मासे, मटण आणि दारू बंद होते. अधूनमधून पिणाऱ्याला त्याचे फारसे काही वाटत नाही. मात्र सकाळचा पहिला घोट घेतल्याशिवाय ज्याचे हात स्थिर होत नाहीत, अशा माणसाने देवासमोर शपथ घेऊन एकाएकी दारू थांबवली, तर ६ ते ८ तासांतच थरथर, घाम आणि मळमळ सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास काहींना ताप चढतो, नाडी धावू लागते, अंगावर किडे चढताना दिसतात आणि समोर नसलेल्या माणसांशी बोलणे सुरू होते. नेमक्या याच वेळी घरात ‘बाहेरची बाधा’ झाल्याची कुजबुज होते आणि कोणीतरी अंगारा आणायला धावते. वैद्यकात या अवस्थेला ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ म्हणतात. उपचार न मिळाल्यास ती जिवावर बेतते.

हे घडते ते मेंदूने स्वतःला दारूशी जुळवून घेतलेले असते म्हणून. मेंदूत ‘गाबा’ हे रसायन पेशींना शांत करते, तर ‘ग्लुटामेट’ त्यांना चेतवते. दारू पहिल्याचा जोर वाढवते आणि दुसऱ्याचा दाबते. वर्षानुवर्षे हा दाब सोसणारा मेंदू, खाडीच्या ओढीविरुद्ध सतत वल्ही मारणाऱ्या होडीसारखा, उलट दिशेने जोर लावायला शिकतो. दारू थांबली की ओढ संपते, पण वल्ह्यांचा जोर तसाच राहतो.

म्हणून अशा माणसाची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी लागते. क्लोरडायझेपॉक्साइडसारखे, किंवा यकृत फार बिघडले असल्यास लोराझेपामसारखे, गाबाला साथ देणारे औषध आधी पुरेशा मात्रेत देतात आणि काही दिवसांत उतरवत आणतात. सोबत थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, इंजेक्शनने द्यावे लागते, कारण जेवण सोडून पिणाऱ्याच्या शरीरात ते फार थोडे उरलेले असते. अशक्त माणूस दिसला की ‘ग्लुकोजची बाटली लावा’ असा आग्रह आपल्याकडे हमखास होतो. पण थायमिन न देता नुसते ग्लुकोज चढवले, तर ते पचवताना उरलेसुरले ब-१ही खर्ची पडते. त्यातून डोळ्यांची हालचाल, चालण्याचा तोल आणि शुद्ध बिघडू शकते, आणि पुढे नव्या आठवणी साठवण्याची शक्तीच कायमची जाऊ शकते.

अंगाची थरथर थांबली म्हणजे व्यसन सुटले असे नव्हे. तलफ कित्येक महिने उसळते. नाल्ट्रेक्सोनमुळे पिण्यातला आनंद घटतो, तर अकॅम्प्रोसेट दारू सोडलेल्याला सोडलेल्या अवस्थेत टिकायला मदत करते. तिसरे औषध डायसल्फिराम. यकृत दारूचे आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड या विषारी द्रव्यात आणि मग निरुपद्रवी अ‍ॅसिटेटमध्ये रूपांतर करते. डायसल्फिराम ही दुसरी पायरी अडवते. त्यावर दारू घेतली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात आणि रक्तदाब कोसळू शकतो. ‘न सांगता दारू सोडवा’ असे म्हणून आमटीत किंवा चहात मिसळायला पुड्या दिल्या जातात. त्या कंटाळलेल्या घरच्यांचे दुःख समजण्यासारखे आहे, पण पुडीत हे औषध असेल आणि पिणाऱ्याला त्याचा पत्ता नसेल, तर ते त्याच्या जिवाशी खेळणे ठरते.

औषधांइतकेच काम बोलण्यानेही होते, आणि त्याचा भक्कम पुरावा याच किनाऱ्यावरचा आहे. गोव्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर झालेला अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी तिथे जास्तीत जास्त ४ बैठका घेतल्या. ३ महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ४२ टक्के, तर केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी १८ टक्के पुरुषांनी त्याआधीचे १४ दिवस दारूला स्पर्श केलेला नव्हता. मात्र ज्यांचे हात सकाळी थरथरतात ते या अभ्यासातल्या पुरुषांच्याही पुढच्या टप्प्यावरचे रुग्ण आहेत, आणि त्यांचे समुपदेशन थरथर आवरल्यावरच सुरू करता येते.