एक वाडा की एक कळप? मेंढपाळाच्या प्रतिमेचा नाशिकपर्यंतचा प्रवास

नाशिकच्या प्रोटेस्टंट वस्त्यांत धर्मगुरूला 'पाळकसाहेब' म्हणतात. घरी प्रार्थना ठेवली की पाळकसाहेबांना बोलावणं जातं, लग्न ठरलं की आधी त्यांच्या कानावर घालतात. हाक मारताना कोणाच्या मनात मेंढरं नसतात. पण शब्द तिथूनच आलेला आहे. गुरं पाळणारा, मेंढरं पाळणारा, तो पाळक. इंग्रजीतला 'पास्टर' हा मुळात लॅटिन शब्द, आणि त्याचाही अर्थ मेंढपाळच. म्हणजे मराठी ख्रिस्ती माणूस रोजच्या बोलण्यात दोन हजार वर्षांहून जुनी उपमा वापरतो आणि ती उपमा आहे हे त्याला जाणवतही नाही.

मराठी वाचकाला या उपमेची एक सोय आहे. युरोपातल्या शहरी भाविकाला मेंढपाळ चित्रातच भेटतो, आपल्याला तो रस्त्यावर भेटतो. पिकं निघाली की सिन्नर-येवल्याच्या बाजूला रिकाम्या रानात धनगरांचे वाडे उतरलेले दिसतात. घोड्यावर संसार, त्यातच बांधलेली चार-दोन कोकरं, कोंबड्या, कुत्री. संध्याकाळी वाघूर लावायची, म्हणजे जाळ्याचं कुंपण करायचं, आणि मेंढरं आत घ्यायची. लेंडीखतासाठी शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवतो आणि बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. आपल्याकडे देवालाही हे काम चुकलेलं नाही, खंडोबा बाणाईपायी धनगरांकडे मेंढरं राखायला राहिलाच. यातला 'वाडा' हा शब्द लक्षात ठेवावा. धनगराचा वाडा म्हणजे भिंती नव्हेत. माणसं, जनावरं आणि बिऱ्हाड मिळून चालता-फिरता वाडा. पुढे एका भाषांतराच्या चुकीपाशी हा फरक कामाला येणार आहे.

ही उपमा ख्रिस्ती धर्मापेक्षा बरीच जुनी, आणि सुरुवातीला ती गरिबाची नव्हतीच. बाबिलोनचा राजा हम्मुराबी आपल्या कायद्यांच्या प्रस्तावनेत स्वतःला मेंढपाळ म्हणवतो. इजिप्तच्या फारोच्या हातातला आकडीदार दंड हा मेंढपाळाच्या काठीचाच राजेशाही अवतार. इस्राएली लोकांनी हा दरबारी किताब उचलला आणि देवाला दिला. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. मला काही उणे पडणार नाही' हे 23वं स्तोत्र मराठी ख्रिस्ती घरांत लहानपणीच पाठ होतं. ते परंपरेने दावीदाच्या नावावर आहे, आणि दावीद राजा होण्याआधी बापाची मेंढरं राखत होता.

पण जुन्या करारातला, म्हणजे बायबलच्या येशूपूर्व भागातला, सगळ्यात धारदार उतारा यहेज्केल संदेष्ट्याच्या 34व्या अध्यायात आहे. तिथे मेंढपाळ म्हणजे राज्यकर्ते, आणि त्यांच्यावर चक्क आरोपपत्र आहे: तुम्ही चरबी खाल्ली, लोकर पांघरली, धष्टपुष्ट मेंढरं कापली, पण दुबळ्याला बळ दिलं नाही, जखमीला पट्टी बांधली नाही, हरवलेल्याला शोधलं नाही. म्हणून आता मी स्वतःच माझी मेंढरं शोधीन, असं देव म्हणतो. हे स्तोत्राइतकं कोणी पाठ करत नाही. माझ्या मते आधी हेच वाचायला हवं, कारण येशू जेव्हा स्वतःला मेंढपाळ म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्यांच्या कानात हा अध्याय वाजत असणार. 'उत्तम मेंढपाळ' म्हटलं की कोणीतरी वाईट मेंढपाळ आहेत हे त्यात आलंच.

लूकच्या शुभवर्तमानात शंभरातलं एक हरवलेलं मेंढरू शोधायला नव्व्याण्णव रानात सोडून जाणारा मेंढपाळ आहे. ही गोष्ट सांगायचं निमित्त विसरू नये: येशू जकातदारांच्या आणि पापी लोकांच्या पंगतीला बसतो, अशी कुरकुर परूशी आणि शास्त्री, म्हणजे त्या काळचे कर्मठ यहुदी आणि धर्मपंडित, करत होते. म्हणजे प्रश्न मुळातच पंगतीचा होता. योहानाच्या 10व्या अध्यायात धंद्याचे बारकावे येतात. वाड्याला राखणदार आहे. मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावानिशी हाक मारतो, पुढे चालतो, आणि ती आवाज ओळखून मागे जातात. मजुरीवरचा राख्या लांडगा दिसताच पळून जातो. आणि मग 16वी ओवी: या मेंढवाड्यातली नाहीत अशीही माझी मेंढरं आहेत, तीही मला आणली पाहिजेत.

त्यानंतरची दोन हजार वर्षं भांडण आहे ते या 'दुसऱ्या मेंढरां'वरूनच.

रोमच्या भुयारी दफनभूमींत तिसऱ्या शतकातली भित्तिचित्रं आहेत, त्यांत खांद्यावर जनावर घेतलेला दाढी नसलेला तरुण पुन्हा पुन्हा दिसतो. ही आकृती ग्रीकांकडून घेतलेली. अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसवर सापडलेला, खांद्यावर वासरू घेतलेला संगमरवरी पुरुष येशूच्या साडेपाचशेहून अधिक वर्षं आधीचा आहे. प्रिस्किलाच्या दफनभूमीतल्या मेंढपाळाच्या खांद्यावर तर मेंढरू नाही, बकरं आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात न्यायाच्या दिवशी मेंढरं उजवीकडे आणि शेरडं डावीकडे, अशी सरळ वाटणी आहे. चित्रकाराने मात्र डावीकडचं उचलून खांद्यावर घेतलं. त्यामागे धर्मशास्त्र होतं की नुसती जुनी चित्रपद्धत, यावर वाद घालता येईल. धनगराला विचारलं तर तो हसेल. त्याच्या कळपात शेळ्या असतातच.

हे स्वागत सगळ्यांना रुचलं नव्हतं. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला कार्थेजचा तर्तुल्लियन हा जहाल लेखक एका बिशपवर तुटून पडला, कारण त्या बिशपने व्यभिचाऱ्यांनाही पश्चात्तापानंतर मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, परत घेण्याचं जाहीर केलं होतं. तर्तुल्लियन तिरकसपणे विचारतो, तुमच्या प्याल्यांवर रंगवलेला तो मेंढपाळ तुमच्या बाजूने साक्ष देणार का? हरवलेलं मेंढरू म्हणजे बाहेरचा माणूस, आत येऊन घसरलेला ख्रिस्ती नव्हे, असा त्याचा दावा. म्हणजे प्रभुभोजनाच्या, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या, प्याल्यावर हे चित्र होतं आणि लोक त्याचा अर्थ क्षमा असाच घेत होते, हे आपल्याला विरोधकाच्या तक्रारीतून कळतं. पुढे साम्राज्यच ख्रिस्ती झालं आणि मेंढपाळाचे कपडे बदलले. रावेन्नात पाचव्या शतकातल्या गाला प्लाचिदियाच्या समाधिमंदिरात तो सोन्याचा अंगरखा आणि जांभळं वस्त्र घालून बसला आहे, हातात काठीऐवजी क्रूस. हम्मुराबीचा किताब फिरून दरबारात आला.

आता ती भाषांतराची चूक. योहानाच्या 16व्या ओवीत ग्रीकमध्ये दोन वेगळे शब्द आहेत. आधी 'मेंढवाडा', म्हणजे कुंपण, आणि शेवटी 'कळप'. वाडे अनेक असू शकतात, कळप एकच होईल, असा अर्थ. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमच्या लॅटिन भाषांतरात दोन्हीकडे कुंपणाचाच शब्द पडला आणि वाक्य झालं 'एक वाडा, एक मेंढपाळ'. एका शब्दाचा फरक, पण 1302 साली पोप आठवा बोनिफेस याने पोपच्या सत्तेपुढे प्रत्येकाने झुकलं पाहिजे असं फर्मान काढलं तेव्हा हेच वाक्य आधाराला घेतलं. टिंडल या इंग्रज भाषांतरकाराने 1526च्या इंग्रजी नव्या करारात 'कळप' परत आणला. 1611च्या प्रसिद्ध राजमान्य भाषांतराने पुन्हा 'वाडा' केला. 1881च्या सुधारित आवृत्तीत तो दुरुस्त झाला. आपल्या मराठी बायबलात 'एक कळप, एक मेंढपाळ' असंच आहे, त्या बाबतीत आपण सुदैवी. आणि धनगरी अर्थाने 'वाडा' घेतला असता तरी बिघडलं नसतं, तो तर चालताच असतो!

भारतात ही प्रतिमा मूर्तीत उतरली ती पोर्तुगिजांच्या काळात. सतराव्या शतकात गोव्यात हस्तिदंताच्या छोट्या मूर्ती होत: डोंगरावर बसलेला बालमेंढपाळ, डोळे अर्धे मिटलेले, गाल हातावर टेकलेला, मांडीवर आणि खांद्यावर कोकरू. युरोपात असं ध्यान सापडत नाही. अभ्यासकांना त्यात बुद्ध दिसतो, कुणाला बाळकृष्णही.

नाशकात मात्र ती मूर्तीतून आली नाही, वसाहतीतून आली. चर्च मिशनरी सोसायटी या इंग्रज मिशनरी संस्थेचं काम इथे 1832च्या सुमारास सुरू झालं आणि 1850च्या दशकात विल्यम साल्टर प्राइस या मिशनऱ्याने शहराच्या पश्चिमेला ख्रिस्ती गाव वसवलं. नाव ठेवलं शरणपूर. आज शरणपूर रोड म्हटलं की दुकानं आणि वाहतूक डोळ्यांपुढे येते, पण हे शरण आलेल्यांचं गाव होतं. अनाथ मुलं, घराने टाकलेले बाटगे, आणि ज्यांची नाशिकला आज फारशी आठवण नाही ते आफ्रिकन.

अरबी गलबतांतून गुलाम म्हणून नेली जाणारी आफ्रिकन मुलं ब्रिटिश आरमार पकडून सोडवी आणि मुंबईला उतरवी. त्यांतली कितीतरी शरणपूरला आली. तिथे सुतारकाम, लोहारकाम आणि लिहिणं-वाचणं शिकली. स्कॉटिश मिशनरी आणि शोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन 1866 साली शेवटच्या आफ्रिका मोहिमेवर निघाला तेव्हा त्याच्याबरोबर यांतली काही मुलं होती आणि त्यांना 'नासिक बॉईज' हेच नाव पडलं. त्यांतला जेकब वेनराइट 1872 साली मागाहून दाखल झाला. 1 मे 1873च्या सुमारास लिव्हिंगस्टन आजच्या झांबियात वारला. सोबत्यांनी त्याचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं. पुरताना प्रार्थना वाचली आणि झाडावर लेख कोरला तो वेनराइटने. देह मात्र आठ-नऊ महिने चालत किनाऱ्याला पोचवला. 18 एप्रिल 1874ला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत शवपेटी धरणाऱ्यांमध्ये एकच आफ्रिकन होता, आणि तो नाशिकच्या शाळेत शिकलेला.

'या वाड्यातली नाहीत अशी दुसरी मेंढरं' याचं इतकं शब्दशः उदाहरण महाराष्ट्रात दुसरं शोधावं लागेल. पण एक गोष्ट टोचते. योहानातला मेंढपाळ प्रत्येकाला त्याच्या नावाने हाक मारतो. इथे याओ जमातीच्या मुलाचा जेकब वेनराइट झाला, आणि आईने दिलेलं त्याचं नाव मागे पडलं. पुढे प्राइस आजच्या केनियातल्या मोंबासाला गेला, 1875 साली तिथे फ्रीअर टाउन ही मुक्त गुलामांची वसाहत उभी राहिली, आणि शरणपूरचे बरेच आफ्रिकन तिकडे गेले.

मराठी ख्रिस्ती कवितेने मेंढपाळाच्या शेजारी दुसरीच प्रतिमा आणून बसवली. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक ख्रिस्ताला माउली म्हणत. वारकऱ्यांच्या कानाला मेंढपाळापेक्षा आई जवळची. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या. त्यांनी सोवळं-ओवळं सोडून बाप्तिस्मा घेतला तो नवऱ्यानंतर पाच वर्षांनी, स्वतःच्या गतीने. टिळकांनी 1917 साली 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसतील अशी ती कल्पना. कुंपणाबाहेरचा कळप म्हणतात तो हाच. 1919 साली टिळक गेले आणि दरबार फार वाढला नाही.

योहानाच्या त्याच अध्यायात येशू 'मी दार आहे' असंही म्हणतो. नाशकात दार ही उपमा नव्हती. 2 मार्च 1930ला बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तो दारासाठीच. ख्रिस्ती मंडळींनीही याकडे दुसऱ्याची भानगड म्हणून पाहू नये. चर्चच्या दारातून आत आलेली जात सोयरिकीच्या वेळी अजून बाहेर पडते.

कुंपणं मोडण्याचे संस्थात्मक प्रयत्न झाले. 1929 साली अँग्लिकनांचा, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्यांचा, नाशिक धर्मप्रांत झाला होता. 29 नोव्हेंबर 1970ला नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च उभं राहिलं आणि हा प्रांत त्यात गेला. कॅथलिकांचा नाशिक धर्मप्रांत 1987चा, पुण्यातून वेगळा काढलेला. त्यांच्याकडे पुनरुत्थान काळातला, म्हणजे ईस्टरपासून धरून, चौथा रविवार उत्तम मेंढपाळाचा, त्या दिवशी योहानाचा 10वा अध्यायच वाचतात.

सगळ्यात मोठी गर्दी मात्र फेब्रुवारीत नाशिकरोडला, बाळ येशूच्या यात्रेत होते. तिथला बाळ येशू मेंढपाळ नाही, प्रागच्या मूर्तीसारखा मुकुट घातलेला बालराजा आहे. नवस बोलायला, फेडायला सगळ्या धर्मांचे लोक येतात, आणि रांगेत कोणी कोणाची जात-धर्म विचारत नाही. मेणबत्ती कोणीही लावावी. मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची उपासना, सुरू झाली की मागे उभं राहून कोणीही ऐकावी. कम्युनियनच्या, म्हणजे त्याच प्रभुभोजनाच्या, रांगेत मात्र बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांनीच पुढे यायचं असतं.