उत्तर येतं, पण कागदावर उतरत नाही

आमच्या लेखनवर्गात येणाऱ्या दहावीच्या मुलामुलींच्या पालकांसाठी

नाव नोंदवायला येणारे आईबाबा बहुतेक वेळा एकच गोष्ट सांगतात. "सगळं येतं हो तिला. तोंडी विचारा, धडाधड सांगेल. पेपरात मात्र दोन ओळींत गुंडाळते." ही तक्रार खरी असते. पहिल्या दिवशी आम्ही प्रश्न तोंडीच विचारतो आणि उत्तर बरेचदा येतं. पण तोंडी उत्तर देताना समोर माणूस असतो. तो "म्हणजे?" असं विचारतो, मग मूल पुढचं वाक्य बोलतं. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या शिक्षकांना ती सोय नाही. कागदावर जे नाही त्याला त्यांना गुण देता येत नाहीत. हा "म्हणजे?" मुलांनी स्वतःच स्वतःला विचारावा, यासाठी आमची वर्षभर धडपड असते. त्यात घरच्यांची साथ लागते, म्हणून हे पत्रक.

तांब्याचा तांब्या आणि चिंच

विज्ञानातला एक नेहमीचा प्रश्न घ्या. शास्त्रीय कारण लिहा: हिरवट पडलेली तांब्याची भांडी स्वच्छ करण्यासाठी चिंच किंवा लिंबू वापरतात. मुलं लिहितात, "कारण लिंबात आम्ल असते." चूक काहीच नाही, पण हे अर्धंच उत्तर आहे. आम्ही विचारतो, आम्ल असतं, मग? ते कशावर काम करतं? तो हिरवा थर आला कुठून? मग मूल सांगू लागतं: दमट हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची तांब्याशी अभिक्रिया होऊन पृष्ठभागावर कॉपर कार्बोनेटचा हिरवट थर जमतो. चिंचेतलं किंवा लिंबातलं आम्ल त्या थराशी अभिक्रिया करून तो विरघळवतं. थर निघून जातो आणि खालचं तांबं पुन्हा चकाकतं. तीन वाक्यं झाली, आणि तिन्ही मुलाला आधीपासून माहीत होती. आम्ही एकही शब्द पुरवला नाही.

हे घरी करायला पुस्तकही लागत नाही. देवाची भांडी घासताना आजीनं नातवाला विचारलं, "हे हिरवं कशानं येतं रे?" आणि तो थांबला की "मग?" एवढंच म्हटलं, तरी पुरे. फक्त उत्तर आपण सांगायचं नाही. मूल अडकलं की आपल्या तोंडून वाक्य निसटतंच, हे आम्हालाही होतं. पण आपण सांगितलेलं वाक्य त्याच्या वहीत आपलंच राहतं. गप्प राहणं जड जातं, तरी तेवढं जमवा.

भूगोलातही तेच. ॲमेझॉनच्या खोऱ्यात वस्ती विरळ का? "कारण तिथे जंगल आहे." जंगल आहे म्हणून माणसं का राहत नाहीत, हे पुढचं वाक्य राहून जातं. घनदाट वर्षावनामुळे रस्ते काढणं अवघड, त्यामुळे वाहतूक तोकडी. उष्ण आणि दमट हवा आरोग्याला बाधक. साधनसंपत्ती असली तरी तिच्यापर्यंत पोहोचणं कठीण. प्रत्येक वाक्याला "त्यामुळे काय?" हा प्रश्न विचारला की पुढचं वाक्य आपोआप येतं.

प्रश्नात मागितलंय काय?

"फरक स्पष्ट करा" या प्रश्नात गुण फार विनाकारण जातात. गंगेचं खोरं आणि ॲमेझॉनचं खोरं यांत फरक लिहायचा असतो. एका बाजूला मूल लिहितं "गंगा बंगालच्या उपसागराला मिळते", आणि समोर लिहितं "ॲमेझॉनच्या खोऱ्यात दाट जंगल आहे". दोन्ही विधानं बरोबर आहेत, पण त्यांत फरक सांगितलेलाच नाही. मुद्दा एक हवा: नदी कुठे मिळते, तर एक बंगालच्या उपसागराला, दुसरी अटलांटिक महासागराला. लोकवस्ती, तर एकीकडे दाट, दुसरीकडे विरळ. आधी मुद्दा ठरवायचा, मग दोन्ही बाजू भरायच्या. "टीप लिहा", "सकारण स्पष्ट करा", "कारणे लिहा" यांच्याही मागण्या वेगवेगळ्या आहेत. प्रश्नातल्या क्रियापदाखाली पेन्सिलीनं रेघ मारायची सवय आम्ही पहिल्याच आठवड्यात लावतो.

मराठीच्या पेपरातली घाई

वेळेचा हिशेब पालकांनी मुद्दाम समजून घ्यावा. राज्य मंडळाचा विज्ञानाचा, भूगोलाचा किंवा इतिहास व राज्यशास्त्राचा पेपर 40 गुणांचा आणि दोन तासांचा असतो, म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं. मराठी कुमारभारतीची कृतिपत्रिका 80 गुणांची आणि तीन तासांची, म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटं. सर्वांत जास्त लिहावं लागतं त्याच पेपरात हात सर्वांत आखडता. त्यात उपयोजित लेखनाचे 24 गुण शेवटच्या विभागात. मूल पाठांवरच्या कृतींत रमलं, की पत्र, बातमी, कथा आणि आत्मकथन यांना वीस मिनिटं उरतात. हिशेबानं तिथे चोपन्न मिनिटं लागतात. पेपर अकराला सुरू झाला, तर एक वाजून पाच मिनिटांपर्यंत पेन पाचव्या, म्हणजे उपयोजित लेखनाच्या प्रश्नावर यायला हवं. शेवटची जादा दहा मिनिटं पुन्हा वाचायला ठेवायची, लिहायला नव्हे. आमच्या सरावात मुलं वहीच्या कोपऱ्यात आधी वेळ लिहितात, मग उत्तर.

स्वमत

या प्रश्नाला मुलं सर्वांत जास्त घाबरतात. "मला असे वाटते की" असं लिहून खाली पाठाचाच सारांश देतात. गाईडमधलं पाठ केलेलं स्वमत तर दोन ओळींतच उघडं पडतं, कारण त्यात मुलाचं गाव नसतं, घर नसतं.

गेल्या वर्षी एका मुलीनं झाडांविषयी लिहिताना "झाडे आपले मित्र आहेत" या वाक्यापासून सुरुवात केली. आम्ही विचारलं, तुझं कुठलं झाड? बराच वेळ ती गप्प होती. मग तिनं रस्ता रुंद करताना तोडलेल्या कडुलिंबाबद्दल लिहिलं, आणि त्याच्या सावलीत बसणाऱ्या चांभारकाकांनी त्यानंतर प्लॅस्टिकचा कागद कसा बांधला ते लिहिलं. सात-आठ ओळीच होत्या. त्या वाचताना आम्हाला खरंच भरून आलं. मुलांकडे सांगायला असतं, फक्त ते परीक्षेत चालतं यावर त्यांचा विश्वास नसतो. जेवताना मुलानं काही मत मांडलं, तर "कशावरून म्हणतोस?" एवढं विचारा आणि त्याचं बोलणं पुरं होऊ द्या. तुमचं मत वेगळं असलं तरी.

प्रकल्प आणि स्वाध्याय

20 गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. दुकानातून चित्रं आणायची, इंटरनेटवरून किंवा चॅटबॉटकडून मजकूर घ्यायचा आणि रात्री जागून आईनं तो उतरवून काढायचा, हे अनेक घरांत चालतं. कृपा करून ते थांबवा. त्यापेक्षा विषय घराजवळचा निवडा. आमच्या एका विद्यार्थ्यानं आठवडी बाजारात सकाळी आणि दिवेलागणीला भाज्यांचे भाव टिपले, आणि संध्याकाळी मेथी स्वस्त का होते ते भाजीवाल्या मावशींनाच विचारलं. प्रकल्प चारच पानांचा झाला, पण तोंडी परीक्षेत तो एकाही प्रश्नाला अडला नाही.

अक्षर आणि शुद्धलेखन

अक्षर वाचता आलं आणि दोन उत्तरांत जागा सोडली, की झालं. रंगीत पेनांची सजावट वेळ खाते. शुद्धलेखन महत्त्वाचंच आहे, पण मुलानं लिहिलेला परिच्छेद वाचताना पहिल्याच ओळीतला ऱ्हस्व-दीर्घ काढू नका. आधी मजकुराबद्दल एक प्रश्न विचारा, वेलांटी नंतर बघू. पहिल्याच ओळीला लाल खूण दिसली की मूल पुढच्या वेळी कमी लिहितं. हे आम्ही फार वेळा पाहिलं आहे.

आमच्याकडे एका गटात आठच मुलं असतात, कारण प्रत्येकाचं उत्तर सगळ्यांसमोर वाचून त्यावर बोलायचं असतं. पहिल्या दिवशी येताना शाळेच्या मागच्या चाचणीच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका आणा, कमी गुणांच्यासुद्धा. त्याच जास्त उपयोगी पडतात. नवी वही घेऊ नका. घरातली अर्धी भरलेली चालेल.