मुरलेली वाइन आणि विटलेली वाइन

अंबाजोगाईला आजोळच्या वाड्यात एक तळघर आहे. वर माळवद, भोवती दगड-मातीच्या हातभर जाड भिंती, खाली उतरायला सात पायऱ्या. पूर्वी तिथे ज्वारीची पोती आणि लोणच्याच्या बरण्या असत. आता एका कोपऱ्यात लाकडी मांडणीवर माझ्या वाइनच्या बाटल्या आडव्या पडलेल्या असतात, परवान्यात बसतील एवढ्याच. मे महिन्यात बाहेर ४२ अंश असले तरी तिथला तापमापक २६-२७च्या पुढे जात नाही. वाइनला खरं तर १२ ते १४ अंश मानवतात, त्यामुळे तळघर आदर्श आहे असं मी म्हणणार नाही. पण तिथला पारा दिवसरात्र जागचा हलत नाही, आणि मराठवाड्यात हीच मोठी गोष्ट आहे.

डिसेंबर २०१८मध्ये मी नाशिककडच्या एका शिराझ या लाल वाइनच्या सहा बाटल्या घेतल्या, २०१६च्या हंगामातल्या. चार तळघरात गेल्या. दोन गडबडीत छत्रपती संभाजीनगरच्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघराच्या माळ्यावर राहिल्या. जानेवारी २०२४मध्ये मी दोन्हीकडची एकेक बाटली एकाच संध्याकाळी उघडली. दोन्ही ग्लासांत काठाला विटकरी छटा होती. दोन्हींना सुक्या फळांसारखा वास होता. मामा दोन्ही हुंगून म्हणाले, "दोन्ही चांगल्या जुन्या झाल्यात की रे." तेव्हा मलाही पहिल्या घोटापर्यंत फरक नीट सांगता आला नसता. मात्र त्यातली एक मुरलेली होती आणि दुसरी विटलेली.

हे दोन्ही शब्द मी आजीकडून घेतले आहेत. लोणचं महिन्याभरात खायला काढलं की ती म्हणायची, "थांब, अजून मुरायचंय." आणि उन्हाळ्यात दुपारचं वरण रात्री उघडलं की वास घेऊन म्हणायची, "इटलं." विटणं म्हणजे चव जाणं, आणि विटणं म्हणजे रंग उडणंही. वाइनच्या बाबतीत ही दोन्ही एकदम होतात, म्हणून मला हा शब्द अगदी नेमका वाटतो.

गोंधळ होतो तो रंगामुळे. लाल वाइन वयानुसार फिकी होत जाते: आधी जांभळट, मग माणकासारखी, मग विटकरी. सालीतला रंग आणि तुरटपणा देणारी टॅनिन एकमेकांत गुंफत मोठी होतात आणि त्यांतली काही गाळ होऊन तळाशी बसतात. पांढऱ्या वाइनचं उलट असतं. ती गडद होत जाते, लिंबाच्या रंगावरून सोनेरीकडे आणि पुढे मधाकडे. उष्णतेने आणि हवेने बिघडलेली वाइनही याच दिशेने जाते, फक्त धावत जाते. त्यामुळे नुसता रंग बघून "जुनी झाली" एवढंच कळतं. कशी जुनी झाली, ते कळत नाही.

माळ्यावरच्या बाटलीचं काय झालं असेल ते समजून घेण्यासारखं आहे. वाइन तापली की फुगते. बाटलीत जागा थोडी, म्हणून ती बुचाला वर ढकलते, कधी बुचाच्या कडेने थोडी बाहेरही झिरपते. रात्री गार झाली की आकसते आणि त्याच वाटेने हवा आत ओढून घेते. आपल्याकडे मार्चमध्ये दुपार आणि पहाट यांच्या तापमानात केवढं अंतर पडतं! असा श्वास रोज एक, असे कित्येक महिने. वाइनमध्ये राखण म्हणून घातलेला सल्फर डायऑक्साइड या गरमीत लवकर खर्च होतो आणि मग आत आलेल्या हवेला अडवणारं कोणी उरत नाही.

शिवाय गरमीत वाइन फक्त लवकर मुरते, असंही नाही. इथेच पुष्कळ लोक चुकतात. "आपल्याकडं गरमी जास्त, दहा वर्षांचं काम दोन वर्षांत होतं," असं मी चांगल्या जाणकारांकडूनही ऐकलं आहे. आतल्या सगळ्या रासायनिक क्रिया सारख्या वेगाने वाढत नाहीत. काही दुप्पट होतात, काही कितीतरी पट. फळाचा ताजा वास नेणाऱ्या क्रिया पुढे पळतात आणि तुरटपणा मऊ करणाऱ्या मागे राहतात. मंद आचेवर दोन तास ठेवलेली आमटी आणि मोठ्या आचेवर दहा मिनिटांत खाली लागलेली आमटी यांच्यात जेवढा फरक, तेवढाच इथे असतो.

आता ग्लास. पांढऱ्या कागदावर धरून तिरका करा आणि काठाकडे बघा. मुरलेल्या शिराझमध्ये काठ विटकरी असतो, पण मध्यभागी अजून लाली आणि चमक असते. एका ग्लासातच दोन-तीन छटा दिसतात. विटलेलीत काठापासून मध्यापर्यंत एकच तपकिरी रंग, आणि तोही मंद. हे लक्षण उपयोगी आहे, तरी त्याच्यावर एकट्यावर विसंबू नका.

वास जास्त बोलतो. तळघरातल्या बाटलीला सुक्या अंजिराचा, तंबाखूच्या पानाचा, पहिल्या पावसानंतरच्या जमिनीचा वास होता, आणि त्यांच्या खाली अजून जांभूळ होतं. दहा मिनिटांनी जांभूळ वर आलं, अर्ध्या तासाने थोडा मिरीचा वास आला. ग्लासात ती बदलत होती. माळ्यावरच्या बाटलीचा वास पहिल्या क्षणी जास्त मोठा होता, हे कबूल करायला हवं. लातूर-धाराशिवकडे गुऱ्हाळावर गेलेल्यांना तो लगेच ओळखू येईल: कढईतल्या काकवीचा, उकळलेल्या फळाचा, खजुराचा. पण तो एवढाच होता. अर्ध्या तासाने तोच वास, थोडा उतरलेला, आणि नाकाला जरा झोंबणारं मद्य वर आलेलं.

तोंडात निकाल लागला. तळघरातल्या वाइनचा तुरटपणा पिकल्या जांभळाचा होता, जिभेला धरणारा पण ओरबाडणारा नाही, आणि आंबटपणा त्यात मिसळून गेला होता. घोट गेल्यावरही चव बराच वेळ रेंगाळली. माळ्यावरची सुरुवातीला गोडसर भासली, मधे एकदम पोकळ झाली आणि शेवटी आंबट, कडवट आणि तुरट असे तीन धागे वेगवेगळे सुटून उरले. फळ गेलं की बाकीच्या चवींना बांधून ठेवणारं काही राहत नाही. मी स्वतः वाइन पारखताना याच जागेला सगळ्यात जास्त महत्त्व देतो: घोटाच्या मधल्या क्षणी काही आहे का? मुरलेल्यात असतं. विटलेल्यात नसतं.

एकच बाटली बघून माळ्याला दोष द्यायला नको, म्हणून महिन्याभराने माळ्यावरची दुसरीही उघडली. तीच काकवी, तीच पोकळी. या वेळी बुचावरचं वेष्टण काढताना नीट पाहिलं, तर बूच काठाच्या किंचित वर आलेलं होतं आणि त्याच्या कडेने वाळलेला चिकट जांभळा ओघळ होता. हे आधीच बघितलं असतं तर चाखण्याआधीच अंदाज आला असता. स्क्रूच्या झाकणाच्या बाटल्यांत ही खूण मिळत नाही. झाकण हवा रोखतं, पण गरमी रोखत नाही.

आणखी एक खबरदारी आपल्याकडे फार गरजेची आहे. "लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी" हे वाक्य युरोपातल्या थंड खोल्यांचं आहे. एप्रिलमध्ये आपली खोली ३४ अंशांवर असते. त्या तापमानाला चांगली मुरलेली वाइनही विटल्यासारखी लागते, कारण मद्याचा वास उसळून येतो आणि बाकी सगळं त्याच्याखाली दबतं. पारख करायची तर लाल वाइन १६ ते १८ अंशांवर आणा. खोली तापलेली असेल तर बाटली दीड-दोन तास फ्रिजमध्ये ठेवली की साधारण जमतं. मी एकदा एक चांगली बाटली याच कारणाने वाईट ठरवून स्वयंपाकात घातली आहे, आणि त्याची हळहळ अजून आहे.

पांढऱ्या वाइनमध्ये ओळख सोपी, कारण तिथे आपल्या स्वयंपाकघरातला एक वास मदतीला येतो. हवेने बिघडलेल्या पांढऱ्या वाइनला आधी कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास येतो, तो ॲसिटाल्डिहाइडचा. पुढे कधी कधी चक्क मेथीदाण्याचा वास येतो. हा भास नाही. मेथीला तिचा वास देणारं सोटोलॉन नावाचं द्रव्य अशा वाइनमध्येही तयार होतं. आपल्याकडच्या शेनिन ब्लांक किंवा सोव्हिन्यॉं ब्लांक या पांढऱ्या वाइनच्या ग्लासात मेथी आली की समजावं, ती विटली. या वाइन तशाही वर्ष-दोन वर्षांत, ताज्या असताना प्यायच्या असतात. त्यांना तळघरात ठेवून काही मिळत नाही, कारण मुरायला लागणारं तुरटपणाचं किंवा भरपूर आंबटपणाचं भांडवल त्यांच्यात बहुधा नसतं. कैरीचं लोणचं मुरतं, कैरीची कोशिंबीर मुरत नाही.

मात्र मेथी आणि काकवी दोन्ही जिथे हव्याच असतात, अशी एक वाइन आहे. पोर्तुगालच्या मदेरा बेटावरची. जुन्या काळी उष्ण कटिबंधातून जहाजाने फिरून आलेली पिंपं जास्त चवदार लागतात असं तिथल्या लोकांना आढळलं, म्हणून ते आजही ती वाइन मुद्दाम तापवतात. एका पद्धतीत ती निदान तीन महिने ४५ ते ५० अंशांवर ठेवतात. पण तिच्यात वरून मद्य घालून ती भक्कम केलेली असते आणि तिचा आंबटपणा जबरदस्त असतो, म्हणून एवढं तापूनही तिच्या घोटाचा मध्य भरलेला राहतो. आपली साधी शिराझ ते सोसू शकत नाही.

गाळ हा दोष नाही. बाटली एक दिवस उभी ठेवून सावकाश ओतली की झालं. तळाशी साखरेसारखे खडे दिसले तर ते टार्टारिक आम्लाचे क्षार असतात, निरुपद्रवी. आणि ओल्या गोणपाटाचा, भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला तर प्रकरण तिसरंच. तो बुचातून आलेल्या टीसीए या द्रव्याचा दोष. त्याचा ना वयाशी संबंध, ना माळ्याच्या गरमीशी.

घरी पारख करायची तर मला जमलेली रीत सांगतो. एकाच वाइनच्या निदान चार-सहा बाटल्या घ्याव्यात आणि वर्ष-दोन वर्षांनी एकेक उघडावी. दर वेळी वहीत रंग, वास, घोटाचा मध्य आणि चव किती वेळ टिकली ते लिहावं. एकटी बाटली फक्त स्वतःबद्दल सांगते, ओळीने उघडलेल्या बाटल्या कशा मुरत गेल्या ते सांगतात. ग्लास दुसऱ्या कोणाला तरी भरायला सांगावेत, कुठल्यात काय हे स्वतःला माहीत नसावं, आणि टिपण पुरं होईपर्यंत कोणी बोलू नये. त्या संध्याकाळी मामा आधी बोलले आणि मी निम्मं त्यांच्या मतासारखंच लिहून बसलो होतो. जास्तीत जास्त आणि कमीत कमी तापमान नोंदवणारा साधा तापमापक मांडणीशेजारी ठेवावा. माझ्या माळ्यावर नंतर तो ठेवून पाहिला, तर मेमध्ये ३९ अंश आले.

तळघरातल्या चारपैकी एक मी २०२१मध्ये उघडली होती. वहीत लिहिलंय, "तुरटपणा अजून टोकदार, थांबावं." २०२४च्या नोंदीत आहे, "आता छान. फळ उतरणीला लागलं आहे." उरलेल्या दोन्ही यंदाच्या थंडीत काढायच्या असं मामांचं आणि माझं ठरलं आहे.