चड्डीवाला कॅप्टन आणि कुत्र्याच्या डोक्याचा पोलीस

आमच्या सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये मुलांच्या पुस्तकांचं एक कपाट आहे. दर रविवारी सकाळी मी ते उघडते, मुलं जुनं पुस्तक आणून देतात, नवीन घेऊन जातात. गेल्या पावसाळ्यात तिसरीतला एक मुलगा आईबरोबर आला, हातातलं कोरं पुस्तक टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "मावशी, हे ते नाहीये."

झालं होतं असं, की त्यानं शाळेतल्या मित्राकडे 'डॉग मॅन' नावाचं इंग्रजी पुस्तक पाहिलं होतं. वाचायला बसवलं की ज्याला तहान लागते, शू लागते, पोटात दुखतं, असा हा मुलगा आपणहून पुस्तक मागतोय म्हटल्यावर आई त्याच संध्याकाळी दुकानात गेली. नाव नीट आठवेना, म्हणून लेखकाच्या नावावरून तिनं 'कॅप्टन अंडरपँट्स'चा पहिला भाग आणला. मुलानं चार पानं कशीबशी वाचली आणि ठेवून दिलं. आई मला म्हणाली, "अहो, त्याच माणसाचं आहे. विनोदीच आहे. चित्रंही आहेत. मग याचं बिनसलं कुठे?"

त्या माउलीची चूक अजिबात नव्हती. दोन्ही मालिका डेव्ह पिल्की या एकाच अमेरिकन लेखक-चित्रकाराच्या. प्रकाशक एकच, स्कॉलॅस्टिक. दुकानात दोन्ही शेजारीशेजारी लावलेल्या असतात. शिवाय गोष्टीच्या आतही दोघांचं नातं आहे. 'कॅप्टन अंडरपँट्स'चे नायक जॉर्ज आणि हॅरॉल्ड हे चौथीतले दोन खोडकर शेजारी, झाडावरच्या आपल्या घरात बसून कॉमिक्स काढणारे. आणि 'डॉग मॅन' म्हणजे याच दोघांनी काढलेलं कॉमिक, अशी कल्पना आहे. त्यामुळे दोन्हींत तीच नावं दिसतात, तेच बालिश वाटणारं चित्र दिसतं, आणि दोन्हींत 'फ्लिप-ओ-रामा' असतो. म्हणजे डावा हात कुठे ठेवायचा, उजवा अंगठा कुठे, हे पानावरच आखून दिलेलं असतं. अंगठ्यानं पान भराभर मागेपुढे केलं की मारामारीचं चित्र हलतं. आमच्या कपाटातल्या प्रती बरोबर त्याच पानांवर फाटलेल्या आहेत. तिथे मी चिकटपट्टी लावते, ती पुन्हा फाटतात. कपाटातल्या दुसऱ्या कुठल्याही पुस्तकाचं एखादं ठरावीक पान इतकं झिजलेलं मी पाहिलं नाही.

पण एवढं साम्य असूनही वाचणाऱ्या मुलाकडून ही दोन पुस्तकं अगदी वेगवेगळी मेहनत मागतात.

'कॅप्टन अंडरपँट्स' १९९७ साली सुरू झालं आणि २०१५ मध्ये बाराव्या भागानं संपलं. ती सचित्र कादंबरी आहे. प्रकरणं दीड-दोन पानांची, अक्षर मोठं, जवळजवळ प्रत्येक पानावर चित्र. पण गोष्ट पुढे नेतात ती वाक्यं. कोण बोललं, कुठे गेलं, मग काय झालं, हे वाचूनच कळतं. चित्र त्या मजकुराला जोड देतं, डोळ्यांना विसावा देतं.

'डॉग मॅन' २०१६ मध्ये आलं, भाग अजून येताहेत, आणि ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत कॉमिक आहे. चौकटी, बोलण्याचे फुगे, धडाम-धुडूमचे आवाज, रंग. इथे गोष्ट चित्रं सांगतात, शब्द त्यांना हात देतात. आपल्याकडे 'सकाळ'मध्ये १९९१ पासून चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' यायला लागला, तेव्हा अक्षरं जेमतेम लागणारी पोरंही पेपर ओढून घ्यायची. चेहरा बघून निम्मा विनोद कळायचा, उरलेल्या निम्म्यासाठी फुगा वाचावाच लागायचा. तीच रीत, फक्त इथे ती तीन-चार चौकटींवर न थांबता दोनशेहून जास्त पानं चालते.

हा फरक अडखळणाऱ्या मुलासाठी किती मोठा असतो, ते मी त्याच रविवारी डोळ्यांनी पाहिलं. कपाटातला 'डॉग मॅन'चा पहिला भाग काढून त्याच्याशेजारी बसले. गोष्ट अशी: बॉम्बस्फोटात एक पोलीस आणि त्याचा कुत्रा दोघेही जबर जखमी होतात. पोलिसाचं डोकं वाचण्यासारखं नाही, कुत्र्याचं धड वाचण्यासारखं नाही. नर्सला सुचतं, की कुत्र्याचं डोकं पोलिसाच्या धडाला शिवून टाकू. मुलगा 'शिवणे' या अर्थाच्या इंग्रजी शब्दापाशी थांबला. त्यानं तो 'स्यू' असा वाचला. इंग्रजी स्पेलिंगच्या मानानं त्याचं काहीच चुकलं नव्हतं. तो उच्चार 'सो' आहे हे कुणी सांगितल्याशिवाय कळणार कसं? त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी गप्प राहिले. त्याची नजर पुढच्या चित्रांवर गेली, तिथे माणसाच्या धडावर कुत्र्याचं डोकं बसलेलं. तो हसत सुटला आणि म्हणाला, "शिवलं! शिवलं त्याला!" शब्दाचा अर्थ त्याला चित्रानं दिला आणि पान उलटलं गेलं. हाच शब्द 'कॅप्टन'सारख्या पुस्तकात एखाद्या परिच्छेदाच्या मधोमध आला असता, तर तो तिथेच अडकला असता; आणि अशा पाच शब्दांनंतर पुन्हा पोटात दुखायला लागलं असतं.

जाडीवरून फसू नका, असं मी प्रत्येक पालकाला सांगते. 'कॅप्टन'चा पहिला भाग सव्वाशे पानांच्या आसपास आहे, 'डॉग मॅन'चा जवळजवळ दुप्पट. साहजिकच आईवडील बारीक पुस्तक उचलतात. प्रत्यक्षात जाड पुस्तक सोपं आहे. त्यातून दोनशे चाळीस पानांचं पुस्तक 'मी' संपवलं, हे वर्गात सांगताना त्या मुलाची मान किती ताठ होते! आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे सांगायला असं काही असतं.

आता विनोदाचं बघू. 'कॅप्टन'मधला विनोद शाळेच्या विरुद्ध उभा आहे. मुख्याध्यापक क्रप हा मुलांचा द्वेष करणारा माणूस. जॉर्ज आणि हॅरॉल्ड त्याला एका खेळण्यातल्या अंगठीनं संमोहित करतात आणि तो स्वतःला त्यांच्याच कॉमिकमधला महानायक समजून चड्डी आणि खांद्यावर पडदा अशा वेशात खिडकीबाहेर उडी मारतो. पुढे तर चुटकी वाजली की तो कॅप्टन होतो, डोक्यावर पाणी पडलं की पुन्हा क्रप. चड्डी हा शब्द ऐकूनच आपली पोरं जमिनीवर लोळतात, त्यात वर ज्याला रोज घाबरायचं तोच माणूस त्या अवस्थेत, म्हणजे विचारूच नका. खलनायकही तसलेच: डायपर नेसलेला डॉक्टर, माणसं गिळणारे बोलके संडास.

याच गोष्टींमुळे अमेरिकेत या मालिकेविरुद्ध भरपूर तक्रारी झाल्या. तिथल्या ग्रंथालय संघटनेच्या, सर्वाधिक आक्षेप घेतलेल्या पुस्तकांच्या यादीत २०१२ आणि २०१३ अशी दोन वर्षं ती पहिल्या क्रमांकावर होती. मोठ्यांचा अनादर शिकवते, भाषा घाणेरडी आहे, असा एकूण सूर. आमच्याकडेही एका आजोबांनी मला हे बोलून दाखवलं. मी त्यांना पुस्तकच वाचायला दिलं. माझं मत स्पष्ट आहे: खोड्या काढणारी ही दोन मुलं एकमेकांची जिवाभावाची मित्र आहेत, आपल्या खोडीचा घोळ ती स्वतःच निस्तरतात, आणि जो मास्तर मुलांना तुच्छ लेखतो त्याला हसण्यात मला काही गैर वाटत नाही.

'डॉग मॅन'मध्येही संडासाचे विनोद आहेतच, पण त्याचा जीव निराळा आहे. डॉग मॅनला बोलता येत नाही; तो भुंकतो, साहेबाचं तोंड चाटतो, हाड दिसलं की कर्तव्य विसरतो. खरी गोष्ट आहे ती पीटी या दुष्ट मांजराची. तिसऱ्या भागात पीटी स्वतःची प्रतिकृती बनवायला जातो आणि यंत्रातून निघतं एक गोड, भाबडं पिल्लू, लिल पीटी. ते त्याला 'बाबा' म्हणतं. पीटीला स्वतःला वडिलांनी टाकलेलं आहे, बाप कसा असतो ते त्याला माहीतच नाही. पुढच्या भागांमध्ये तो हळूहळू, वारंवार चुकत, बाप व्हायला शिकतो. चित्रं इतकी वेडीवाकडी असूनही मला दोन ठिकाणी गलबलून आलंय. 'कॅप्टन'चे भाग थोडे मागेपुढे वाचले तरी चालतात, कारण आधी काय घडलं ते पुस्तक पुन्हा सांगतं. पण 'डॉग मॅन' क्रमानंच द्या, नाहीतर पीटी कुठून कुठे आला ते हरवतं. तिथल्या शीर्षकांमध्ये मोठ्यांसाठीही खाऊ आहे, गाजलेल्या कादंबऱ्यांच्या नावांची गंमत केलेली: 'फेच-२२' ('कॅच-२२'), 'ग्राइम अँड पनिशमेंट' ('क्राइम अँड पनिशमेंट'), 'मदरिंग हाइट्स' ('वुदरिंग हाइट्स'). मुलांना त्यातलं काही कळत नाही, आणि त्यामुळे काही बिघडतही नाही.

'वेडीवाकडी चित्रं' म्हटलं म्हणून सांगते. पिल्कीला उत्तम चित्रं काढता येतात. 'द पेपरबॉय' या त्याच्या शांत, सुंदर चित्रपुस्तकाला १९९७ मध्ये कॅल्डेकॉट सन्मान, म्हणजे अमेरिकेतला चित्रपुस्तकांसाठीचा मानाचा सन्मान, मिळालाय. त्यानं 'डॉग मॅन' मुद्दाम लहान मुलानं काढल्यासारखं काढलंय, म्हणजे वाचणाऱ्याला वाटावं की हे मलाही जमेल. शेवटी पात्रं कशी काढायची ते पायरीपायरीनं दाखवलेलंही असतं. हे कुठून आलं तेही ठाऊक असावं. लहानपणी त्याला डिस्लेक्सिया, म्हणजे अक्षरं वाचण्यातली अडचण, आणि अतिचंचलता होती. वर्गात गडबड करतो म्हणून त्याला व्हरांड्यात बसवत, आणि त्या व्हरांड्यातल्या बाकावर दुसरीत असताना त्यानं चड्डीवाला कॅप्टन काढला. वाचताना अक्षरं नाचतात म्हणजे काय होतं, हे या माणसाला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

स्पेलिंगची काळजी इंग्रजी माध्यमातल्या मुलांच्या आया हमखास करतात. 'कॅप्टन'मध्ये जॉर्ज आणि हॅरॉल्डची जी कॉमिक्स मधूनमधून येतात, त्यांत स्पेलिंग मुद्दाम चुकवलेली आहेत. ज्याची स्पेलिंग अजून बसायची आहेत, त्याच्याशेजारी तेवढी पानं बसून वाचावीत, आणि चुका शोधायचा खेळ करावा. आमच्याकडे मुलं पेन्सिल घेऊन बसतात आणि फार खूश होतात, कारण एरवी लाल खुणा त्यांच्याच वहीत असतात.

मोठ्यानं वाचून दाखवायला मात्र 'कॅप्टन' हवा. 'डॉग मॅन' वाचून दाखवताच येत नाही. फुगे वाचत बसलं तर ऐकणाऱ्याला काही कळत नाही, मांडीला मांडी लावून दोघांनी एकाच पानात डोकं घालावं लागतं. 'कॅप्टन' मी कितीदा तरी मराठीत सांगत सांगत वाचलाय. चुटकी मुलं वाजवतात, पाण्याचा तांब्या मी ओतते.

त्यामुळे माझा क्रम ठरलेला आहे. पान दिसलं की अंग चोरणाऱ्या मुलाला आधी 'डॉग मॅन'. वाक्यं बऱ्यापैकी वाचतो पण लांब परिच्छेदाला घाबरतो, त्याला 'कॅप्टन'. आणि पहिल्यातून दुसऱ्याकडे जायला घाई नको. "आता कॉमिक्स पुरे, खरी पुस्तकं वाच" हे वाक्य तर मुलासमोर कधीच नको. त्याला जे वाचता आलं, तेच आपण खोटं ठरवतो.

तिसरीतल्या त्या मुलानं दिवाळीपर्यंत 'डॉग मॅन'चे सहा भाग वाचले. मग एका रविवारी त्यानं आईनं आणलेला तो 'कॅप्टन' परत मागितला, जो तेव्हापासून कपाटातच होता. तिथेच खाली फतकल मारून त्यानं आधी फक्त मधली कॉमिकची पानं शोधून वाचली, बाकी सगळं ओलांडून. मग फ्लिप-ओ-रामा करून झाला. मग बराच वेळ तो एका चित्राकडे बघत राहिला, त्यात क्रप चड्डीवर उभा होता, आणि मला विचारलं, "मावशी, हा असा कसा झाला?" मी म्हटलं, "मागे लिहिलंय." त्यानं पानं उलटी चाळली, प्रकरणाची सुरुवात शोधली, आणि ओळीखाली बोट ठेवून वाचायला लागला.