पिकअपचे दार का करकरते?

पिकअप ट्रकचे दार करकरत असेल, तर एक साधा प्रयोग करून पाहावा. प्रथम दार अगदी सावकाश, मुंगीच्या पावलाने उघडावे आणि मग तेच दार एका झटक्यात उघडावे. बहुतेक वेळा असे आढळते, की सावकाश उघडताना लांबलचक, कानाला टोचणारी करकर ऐकू येते, आणि झटक्यात उघडल्यावर ती एक तर येतच नाही किंवा क्षणभर 'किर्र' करून थांबते. आवाज घासण्यामुळे होत असेल, तर वेगाने घासल्यावर तो वाढायला हवा, असे आपल्याला वाटते. घडते मात्र नेमके उलटे. करकरीचे सारे विज्ञान या उलटेपणातच आहे, आणि ते ध्यानात न घेता केलेली दुरुस्ती बहुधा आठवडाभरच टिकते.

'थोडे तेल सोडा, आवाज जाईल,' हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो अर्धाच खरा आहे. दाराचे आवाज मुळात दोन जातींचे असतात. करकर हा दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबलेले राहून घासल्याचा आवाज आहे, तर खडखड हा दोन भागांमध्ये फट पडल्यामुळे ते एकमेकांवर आपटल्याचा आवाज आहे. पहिल्याचे मूळ घर्षणात असते, म्हणून तेथे वंगण उपयोगी पडते. दुसऱ्याचे मूळ फटीत असते, आणि फट तेलाने बुजत नाही. झिजलेल्या बिजागरीत ग्रीस भरले की खडखड काही दिवस दबते, कारण घट्ट ग्रीस गादीसारखे काम करते; पण झीज आहे तेथेच असते आणि पुढे वाढतच जाते.

आधी करकर पाहू. टेबलावर एक वीट ठेवून तिला रबरबँड अडकवावा आणि त्याचे दुसरे टोक सावकाश, एकसारख्या वेगाने ओढावे. रबर ताणले जाते, वीट हलत नाही. ताण एका मर्यादेपलीकडे गेला की वीट एकदम पुढे सरकते, त्यामुळे रबर सैल पडते आणि वीट पुन्हा थांबते. आपला हात एकसारखा चालत असतो, पण वीट मात्र अडखळत, ठेचकाळत पुढे जाते. शाळेत शिकलेले स्थितिक आणि गतिक घर्षण येथे प्रत्यक्ष दिसते: थांबलेली वस्तू हलवायला जास्त बल लागते, चालू असलेली वस्तू चालती ठेवायला कमी. या फरकामुळे आणि मधल्या लवचिक दुव्यामुळे जी गती निर्माण होते तिला 'स्टिक-स्लिप' म्हणतात. मराठीत तिला 'अडक-सरक' म्हणता येईल. १९३९ साली बाउडन आणि लेबेन या शास्त्रज्ञांनी धातूंच्या घासण्याची बारकाईने मापे घेतली, तेव्हा वरवर सलग दिसणारी हालचालही अशी तुकड्यातुकड्यांची असू शकते, हे स्पष्ट झाले.

बिजागरीत विटेच्या जागी पिन असते आणि रबरबँडच्या जागी स्वतः पिन, तिला धरणारी पट्टी आणि दाराचा पत्रा असतो. पोलादही थोडे पिळते आणि थोडे वाकते. आता आकडे मांडून पाहू. दाराची रुंदी १ मीटर आणि पिनेची त्रिज्या ५ मिलिमीटर धरली, तर दाराची कड जेवढी सरकते त्याच्या दोनशेव्या भागाएवढाच पिनेचा पृष्ठभाग बुशमध्ये, म्हणजे पिन जिच्यात फिरते त्या छोट्या नळीत, सरकतो. कड सेकंदाला २० सेंटिमीटर वेगाने उघडत असेल, तर पिनेवर घासण्याचा वेग सेकंदाला फक्त १ मिलिमीटर असतो. ऐकू येणाऱ्या करकरीची वारंवारता १,००० हर्ट्‌झ असेल, म्हणजे सेकंदाला हजार कंपने होत असतील, तर त्या एका मिलिमीटरचे हजार तुकडे पडतात. म्हणजे पिन प्रत्येक वेळी एक हजारांश मिलिमीटर, माणसाच्या केसाच्या जाडीच्या जेमतेम एक-दोन शतांशांनी, सरकते आणि थांबते. इतक्या सूक्ष्म ठेचा आपल्याला ऐकू येतात याचे कारण दाराचा पत्रा. व्हायोलिनच्या धनुकलीचे केस तारेला असेच अडकवत आणि सोडत असतात, पण नुसत्या तारेचा आवाज क्षीण असतो, त्याला भरीवपणा येतो तो लाकडी पेटीमुळे. दाराचा रुंद, पातळ पत्रा बिजागरीसाठी त्या पेटीचे काम करतो. त्यातून आपला कान साधारण २,००० ते ५,००० हर्ट्‌झच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो आणि करकरीतील वरचे स्वर नेमके तेथेच येतात.

पण थांबलेल्या वस्तूचे घर्षण जास्त का असते? मला या विषयातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो, म्हणून येथे थोडे रेंगाळतो. आमोंताँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६९९ साली सांगितले, की घर्षण हे भाराच्या प्रमाणात असते आणि स्पर्श करणाऱ्या पृष्ठभागाच्या आकारावर अवलंबून नसते. हा दुसरा भाग विचित्र वाटतो. त्याचा उलगडा विसाव्या शतकात बाउडन आणि टेबर यांनी केला: गुळगुळीत दिसणारे दोन पृष्ठभाग प्रत्यक्षात फक्त आपापल्या सूक्ष्म उंचवट्यांच्या शेंड्यांवर एकमेकांना टेकतात, आणि ते शेंडे भार पेलण्यापुरतेच चेपतात. त्यामुळे खरे स्पर्शक्षेत्र भाराला पदार्थाच्या कठीणपणाने भागले की मिळते. दाराचे वजन ३० किलो, त्याचा गुरुत्वमध्य बिजागऱ्यांपासून ५० सेंटिमीटरवर आणि दोन बिजागऱ्यांमधले अंतर ४० सेंटिमीटर धरले, तर वरच्या बिजागरीला खांबापासून ओढणारे आडवे बल ३० गुणिले ५० भागिले ४०, म्हणजे सुमारे ३७ किलो वजनाइतके येते. मऊ पोलादाचा कठीणपणा चौरस मिलिमीटरला सुमारे १५० किलो असतो. भागाकार केला तर उत्तर पाव चौरस मिलिमीटर! बोटाएवढ्या पिनेचा खरा स्पर्श मोहरीच्या दाण्यापेक्षाही लहान जागेत सामावलेला असतो.

या शेंड्यांवरील दाब इतका प्रचंड असतो, की तेथे धातू धातूला अक्षरशः चिकटतो. शेंडे जितका वेळ एकमेकांवर टेकून राहतात, तितके ते आणखी थोडे चेपतात आणि त्यांचा जोड आणखी पक्का होतो. घर्षणाचे हे 'मुरणे' कूलॉमने १७८०च्या दशकातच लाकडावरील प्रयोगांत टिपले होते. ते वेळेच्या लॉगरिदमनुसार, म्हणजे आधी भरभर आणि मग सावकाश वाढते. आता सुरुवातीच्या प्रयोगाकडे परत येऊ. दार सावकाश उघडताना प्रत्येक शेंड्याला मुरायला वेळ मिळतो, म्हणून अडकणे पक्के होते आणि सुटणे झटक्याचे. वेग वाढला की जोड मुरण्याआधीच तुटतात, अडकणे आणि सरकणे यांतला फरक पुसट होतो, आणि एका ठरावीक वेगाच्या पुढे अडक-सरक टिकूच शकत नाही. गणिताच्या भाषेत सांगायचे तर, वेगाबरोबर घर्षण कमी होत असेल, तर ते कंपनाची ऊर्जा शोषून घेण्याऐवजी तिच्यात भर घालते, म्हणजे अवमंदन (कंपन शमवण्याची क्रिया) ऋण होते. या ऋण अवमंदनापेक्षा दाराच्या सांगाड्याचे स्वतःचे अवमंदन कमी पडले, की कंपन आपोआप फुगत जाते आणि त्याच्या नैसर्गिक वारंवारतेच्या आसपास स्वर धरते. १९६६ साली ब्रेस आणि बायर्ली या शास्त्रज्ञांनी भूकंपाचे स्पष्टीकरण याच अडक-सरकीने करता येईल असे सुचवले. खडकांच्या भेगेत वर्षानुवर्षे साठलेला ताण आणि पिनेवर एका सेकंदाच्या हजाराव्या भागात साठलेला ताण यांचे तत्त्व एकच आहे.

वंगण काय करते, हे आता सहज कळेल. ते शेंड्यांच्या मध्ये थर धरते, त्यामुळे धातूचा धातूशी जोड होत नाही, आणि स्थितिक व गतिक घर्षणांतला फरक मिटतो. घर्षण कमी होणे हा फायदा आहेच, पण करकर थांबते ती मुख्यतः हा फरक मिटल्यामुळे. म्हणून वंगण जागेवर टिकणे महत्त्वाचे. ग्रीस म्हणजे साबणासारख्या घट्ट द्रव्याच्या जाळीत धरून ठेवलेले तेल. बिजागरी आणि लॅच (दार बंद धरून ठेवणारी कडी) यांच्यासाठी पांढरे लिथियम ग्रीस चांगले, कारण ते ओघळून जात नाही. याउलट, डब्यातून फवारायचे पातळ द्रव सर्व दुखण्यांवरचे एकच औषध म्हणून सुचवले जातात, त्याविषयी स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. त्यांतले सर्वांत प्रसिद्ध असलेले डब्ल्यूडी-४० हे १९५३ साली पाणी हटवून धातू गंजण्यापासून वाचवण्यासाठी बनवले गेले; नावातील दोन अक्षरे पाणी हटवण्यासाठीची आहेत आणि ४० हा आकडा चाळिसाव्या प्रयत्नाचा. अडकलेली, गंजलेली पिन मोकळी करायला असा द्रव उत्तम आहे. पण त्याचा बराचसा भाग उडून जातो, मागे तेलाचा अगदी पातळ थर राहतो, आणि जाता जाता तो बिजागरीतले जुने ग्रीसही धुऊन नेतो. आवाज त्याच दिवशी थांबतो, म्हणून लोकांचा विश्वास बसतो. तो परत आला की पुन्हा फवारतात. क्रम असा हवा: आधी फवारून मळ आणि गंज सोडवावा, फडक्याने पुसून काढावा, दार पंधरावीस वेळा उघडझाप करावे, आणि मग ग्रीस भरावे.

पिकअपला मात्र बिजागरीखेरीज करकरीचे आणखी एक ठिकाण असते, आणि ते चालत्या गाडीत बोलते. पिकअपचा पाया बहुधा शिडीच्या आकाराच्या चेसिसचा असतो. तिच्यावर केबिन आणि मागचा हौदा वेगवेगळे बसवलेले असतात, केबिन रबरी आधारांवर. कागदाची सुरळी करून चिकटवली तर ती पिळायला अवघड जाते, आणि तीच लांबीतून कापली तर अगदी सहज पिळते. पातळ भिंतीच्या नळीत हा फरक शेकडो पटींचा असू शकतो. चेसिसच्या तुळया उघड्या पन्हळीच्या असतील, तर खडबडीत रस्त्यावर त्या अशाच पिळतात, त्या पिळाचा काही भाग केबिनपर्यंत पोहोचतो आणि दाराची आयताकृती चौकट किंचित तिरकी होते. दार मात्र आपला आकार सोडत नाही. परिणामी दाराची कड आणि तिच्याभोवतीची रबरी बीडिंग एकमेकांवर थोड्या सरकतात, आणि रबर हे अडक-सरकीचे माहेरघर आहे. येथे साधे ग्रीस लावू नये: बीडिंग बहुधा ज्या ईपीडीएम रबराची असते, ते खनिज तेलाने फुगते आणि मऊ पडते. बीडिंग ओल्या फडक्याने पुसून, कोरडी करून तिच्यावर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवावा. दाब पुरेसा आहे की नाही हे पाहण्यासाठी कागदाची पट्टी दारात धरून दार लावावे आणि पट्टी ओढावी. जेथे ती विनासायास सुटून येते तेथे बीडिंग चेपून चपटी झाली आहे आणि दाब अपुरा आहे.

खडखडीचे विज्ञान तुलनेने सोपे आहे. सैल भाग आपल्या जागेवरून तेव्हाच उडतो, जेव्हा खालच्या आधाराचा खाली जाण्याचा प्रवेग गुरुत्वप्रवेगापेक्षा, म्हणजे ९.८ मीटर प्रतिसेकंदवर्गापेक्षा, जास्त होतो. सेकंदाला १० कंपनांच्या हादऱ्यात त्यासाठी मध्यापासून सुमारे अडीच मिलिमीटर हालचाल लागते, २० कंपनांना जेमतेम ०.६ मिलिमीटर. रिकाम्या पिकअपच्या कडक पाटेस्प्रिंगांवर असे हादरे सहज मिळतात, म्हणून लादलेली गाडी शांत आणि रिकामी गाडी खडखडती, हा अनुभव येतो.

शोध घेताना कानावर फार विसंबू नये, कारण लहान केबिनमध्ये आवाज काचांवरून परावर्तित होऊन भलत्याच बाजूने येतो. काच पूर्ण वर, अर्धी आणि पूर्ण खाली ठेवून त्याच रस्त्यावर गाडी चालवावी. फक्त अर्ध्या काचेवर खडखड येत असेल, तर काचेच्या चॅनलचे, म्हणजे काच जिच्यातून वरखाली सरकते त्या खाचेचे, अस्तर झिजले आहे. शेजारी बसलेल्याने दार आतून घट्ट ओढून धरल्यावर आवाज थांबला, तर दोष लॅच आणि स्ट्रायकर (चौकटीवरचा, लॅच ज्यात अडकते तो भाग) यांच्यात आहे. दोन्ही वेळा आवाज तसाच राहिला, तर आतले पॅड काढून कुलपाच्या सळया आणि त्यांच्या प्लास्टिकच्या क्लिपा पाहाव्यात, आणि सळी पत्र्याला लागते तेथे फेल्टची पट्टी चिकटवावी. दाराच्या तळाची पाणी जाण्याची छिद्रे मात्र बंद करू नयेत. काचेवरून आत उतरणारे पाणी तेथूनच बाहेर पडते.

सर्वांत शेवटी बिजागरीची झीज. दार अर्धे उघडून कडेला धरून वर उचलावे. पिनेशी अर्ध्या मिलिमीटरचा खुळखुळा असेल, तर आधी धरलेल्या मापांच्या दारात तो कडेला सव्वा मिलिमीटर होऊन हाताला लागतो. बिजागरीभोवती तांबूस, पिठासारखी पूड दिसली, तर ती घासून निघालेल्या लोखंडाचे ऑक्साइड आहे. लोखंडाचे असे ऑक्साइड धातूला पॉलिश करायलाही वापरतात, तेव्हा ती पूड आत राहिली तर पिन झिजवतच राहणार. अशा वेळी पिन आणि बुश बदलणे हाच उपाय. दाराखाली जॅकवर लाकडी ठोकळा ठेवून वजन पेलून धरावे, एका वेळी एकच पिन काढावी, म्हणजे दार आपल्या जागेवरून ढळत नाही.

येथे एक चूक फार होते. दार खाली लोंबले की ते स्ट्रायकरवर आपटते, म्हणून आधी स्ट्रायकरच खाली सरकवला जातो. दार लागू लागते आणि काम झाले असे वाटते. पुढे पिना बदलल्या की दार मूळ उंचीवर येते आणि लॅच आता स्ट्रायकरच्या वर आपटू लागते. म्हणून आधी बिजागरी ठीक करावी आणि स्ट्रायकरला हात लावण्यापूर्वी त्याच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढून ठेवावी. पिना बदलल्यावर पुष्कळदा असे दिसते, की स्ट्रायकर हलवण्याची गरजच उरलेली नाही.